पटाच्या गाडीतली खोली: लॅमिनेट टाकायचं का एसपीसी?

पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या सीझनला बैलजोडी घेऊन गावोगाव फिरणारे काहीजण टेम्पोतच पुढच्या बाजूला प्लायची भिंत मारून झोपायची खोली करून घेतात, अन् तिच्या फरशीसाठी दुकानात गेलं की दुकानदार दोन पट्ट्या समोर ठेवतो, दोन्हीवर सागवानाची छपाई, दोन्ही एकमेकीत खटकन बसणाऱ्या, अन् दोन्हीला तो वुडन फ्लोरिंगच म्हणतो. त्यातली एक लॅमिनेट असते, दुसरी एसपीसी.

वरून बघून काही समजत नाही भाऊ, कापलेली कड बघा. लॅमिनेटची कड तपकिरी, कारण आत लाकडाचे तंतू दाबून केलेला एचडीएफ असतो. एसपीसीची कड करडी, आत चुनखडीची पावडर अन् पीव्हीसी. तरी शंका असली तर दोन्हीचे तुकडे मागून घ्या अन् रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. लॅमिनेट फुगते अन् वाळलं तरी पहिल्यासारखं बसत नाही, एसपीसीला काहीच होत नाही.

आता गाडीत पाणी किती येते बघा ना, ओले पाय, लवंडलेली बादली, मागचा भाग धुताना पाईपचं पाणी, अन् भिंतीखालून पाझरणारं बैलांचं मूत ते वेगळंच. लॅमिनेटचे जोड एका पावसाळ्यात वर येतील, म्हणून माझं मत सरळ एसपीसीकडे. लॅमिनेट ओरखड्याला लय पक्कं असते हे खरं, पेटी ओढली तरी सहसा रेघ पडत नाही, पण ते घरच्या कोरड्या खोलीत कामाचं.

एसपीसी वजनाला हलकं समजू नका. ४ मिमीचं असलं तरी चौरस मीटरला ८ किलोच्या आसपास भरते, म्हणजे ६ बाय ७ फुटाच्या खोलीत ३० किलो गेलेच. अन् उन्हानं ते पसरते. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढं जातो, बंद गाडीत तर विचारूच नका, म्हणून चारी बाजूंनी ६ ते ८ मिमी फट सोडायची अन् ती झाकायला वर बीडिंग मारायची, पण खिळा भिंतीत, फरशीच्या पट्टीत नाही. पलंगाचे स्क्रूही पट्टीतून मारू नका, फ्लोरिंग जागच्या जागी जखडते अन् मग पट्ट्या एकमेकीत अडकवणारे लॉक तुटतात.

पट्टी भिजून खराब होत नसली तरी फटीतून पाणी खाली जातेच, म्हणून चेकर्ड पत्र्यावर आधी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय, सपाट बसवून घ्या अन् बैलांकडच्या भिंतीच्या बुडाला सिलिकॉन भरा. खाली उंचवटा राहिला तर गाडी खड्ड्यात आपटली की लॉक उघडतात, अन् आपले रस्ते तर माहीतच आहेत. बैलांच्या बाजूला मात्र दोन्हीतलं काहीच नको, खूर घसरतात, तिथं रबर मॅटच टाका.