रामदास बोट आली कुठून? मुंबई-कोकण आगबोटींची थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी जुलै उजाडला की रामदास बोटीचे मेसेज फिरायला लागतात. १७ जुलै १९४७, अमावास्या, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. हे सगळ्यांना पाठ आहे. पण ही बोट मुळात कोणाची, तिचं नाव रामदास का, आणि भर पावसात ती समुद्रात काय करत होती हे विचारलं की लोक गप्प होतात. मी पण होतो. मग आजीने सांगितलेलं आणि इकडे तिकडे वाचलेलं जोडत गेलो तर बरंच लांब मागे जावं लागलं.

सुरुवात गोदीपासून. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी १७३६ पासून जहाजं बांधत होती, सागवानी, शिडाची. त्याच गोदीत १८२९ ला ह्यू लिंडसे नावाची वाफेवर चालणारी बोट बांधली, ४११ टनांची, आणि २० मार्च १८३० ला ती सुएझकडे निघाली. गंमत अशी की तिच्यात कोळसा ठेवायची जागा साडेपाच दिवसांची आणि एडन ११ दिवसांवर, म्हणून मग केबिनमध्ये, सलूनमध्ये, जिथे मिळेल तिथे कोळसा भरला आणि एडनला पोचेपर्यंत जेमतेम काही तासांचा उरला होता. सुएझला २२ एप्रिलला लागली. पुढे दहाएक वर्षांत याच वाडियांपैकी आर्देशिर कर्सेटजी मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनियर झाले, १८४१ ला लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो पण झाले, असा मान मिळालेले पहिले भारतीय. म्हणजे वाफेचं तंत्र इथे नुसतं विकत आणलेलं नव्हतं, इथल्या माणसांना ते हाताळता येत होतं, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच राग येतो.

राग अशासाठी की किनाऱ्यावरचा धंदा मात्र गोऱ्या कंपन्यांकडे गेला. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सगळंच एकदम वाढलं, आधी कापडगिरण्या, मग १८६९ ला सुएझ कालवा, १८७३ ला पोर्ट ट्रस्ट, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक. गिरण्यांना माणसं पाहिजेत आणि ती कोकणात. मुंबईहून ठाण्याला आगगाडी १८५३ लाच धावली, पण कोकणात पूर्ण रेल्वे यायला १९९८ उजाडलं. मधली १४५ वर्षं कोकणी माणसाची आगगाडी म्हणजे आगबोट.

हा धंदा शेफर्ड कंपनीकडे होता, तीच पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. खाली हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, तर वर कच्छ-काठेवाडपर्यंत. शेफर्डचीच वैतरणा ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात सापडली आणि पूर्ण नाहीशी झाली, सातशेच्या वर माणसांसकट. तिच्यात विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला वीजळी म्हणायचे, आणि गुजरातेत अजून त्याच नावाने ओळखतात. चौकशी झाली, सुरक्षेची साधनं पुरेशी नव्हती असं निघालं. रामदासच्या एकोणसाठ वर्षं आधीची गोष्ट आहे ही, तेवढं फक्त नोंदवून ठेवतो.

आता रामदासची कंपनी, लोकांनी तिला नाव ठेवलं 'माझी आगबोट कंपनी'. खरं नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी, पण एवढं कोण म्हणणार. स्वदेशीचे दिवस होते, तिकडे तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लेंनी १९०६ ला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन काढली, बोटी मिळवायला ते मुंबईत आले, टिळकांची मदत घेतली, १९०८ ला तुरुंगात गेले आणि कंपनी मोडली. त्याच हवेत आपल्याकडे ही कंपनी, सहकारी पद्धतीने, लहान लहान भागधारक घेऊन. नावातच सगळं आलं, ती साहेबाची आणि ही माझी. बोटींची नावं पण मुद्दाम तशी, तुकाराम, रामदास, आणि ख्रिस्ती उतारू पण धरून ठेवायचे म्हणून सेंट अँथनी. आता याला कोणी भक्ती म्हणेल, मला तरी हा चोख धंदा वाटतो. वारीला जाणारा माणूस तुकाराम सोडून साहेबाच्या बोटीत कशाला बसेल?

पण नाव संताचं असलं तरी समुद्र ऐकत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला जयंती आणि तुकाराम या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. दोन बोटी म्हणजे छोट्या कंपनीचा केवढा भाग गेला याचा विचार करा.

रामदास त्यानंतरची, १९३६ ची. इंग्लंडमध्ये स्वान हंटरच्या यार्डात बांधलेली, ४०६ टन, १७९ फूट लांब, २९ फूट रुंद. म्हणजे 'माझी आगबोट'ची बोट पण बांधून घ्यायला साहेबाकडेच जावं लागलं, आणि इथे ज्या गोदीने शंभर वर्षांपूर्वी ह्यू लिंडसे बांधली तिच्याकडे आता असलं काम नाही. हाच तो मघाचा राग. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरेंची सिंदिया ही जहाज कंपनी यावरच उभी राहिली, त्यांची लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन आहे. ती बोट पण नवी नव्हती हां, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली, महायुद्धात हॉस्पिटल म्हणून वापरलेली, म्हणून कंपनीचं नाव सिंदिया. पुढे १९३९ च्या सुमारास सिंदियाने बॉम्बे स्टीमच विकत घेतली आणि कोकणच्या बोटी देशी हातात आल्या. रामदास पण नंतर बॉम्बे स्टीमकडेच गेली. ज्या कंपनीशी टक्कर द्यायला काढली तिच्याच ताफ्यात शेवट.

 

आता बोटीतला प्रवास, कारण तो समजल्याशिवाय जुलैचा प्रश्न सुटत नाही. आमची आजी देवगडची, १९६० च्या आसपास लग्न होऊन लालबागला आली, ती सांगायची की मुंबईत धक्क्यावरून शिडीने चढायचं ते सोपं, पण गावाला बोट किनाऱ्याला लागतच नाही. पाणी उथळ, धक्का नाही, बोट बाहेर खोलात उभी, बहुतेक वेळा रात्रीची. किनाऱ्यावरून कंदील घेऊन पडाव, म्हणजे उतारू नेणारी होडी, यायची. पडाव लाटेबरोबर वर येतो, परत खाली जातो, वर आला त्या क्षणाला खलाशी ओरडणार "टाक पाय", आणि तुम्ही पाय टाकायचा, विचार करायचा नाही. पोरं हातोहात, पत्र्याची ट्रंक दोरीने, वळकटी वरून सरळ फेकून. आजीची एक वळकटी अशी समुद्रात गेली, त्यात माझ्या आजोबांचा नवा कोट होता, हे तिने मरेपर्यंत ऐकवलं. आणि बोट लागायची, म्हणजे मळमळायचं, ते वेगळंच. शेजारी भट्टीच्या धगीचा वास, मासळीचा वास, खाली बॉयलरपाशी आगवाले कोळसा मारतायत (यातले पुष्कळ रत्नागिरीकडचेच कोकणी मुसलमान), आणि वर डेकवर माणसाला माणूस चिकटून. आम्ही अजून एसटीतून उतरलो की गावच्या बायका विचारतात, "तुका लागली काय रे?" गाडी म्हणायची पण गरज नाही.

हे सगळं मे अखेरपर्यंतच. पाऊस लागला की कोकणच्या बोटी बंद, पडाव ओढून वर घेऊन शाकारून ठेवायचे, ते नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर. म्हणून तर चाकरमानी बोटीने शिमग्याला आणि मेमध्ये जायचा, गणपतीला नेहमी घोळ.

मग रामदास जुलैत कशी? कारण रेवसची फेरी लांबची धरतच नव्हते. मुंबईहून समोर दिसतं, तास-दीड तासाचं अंतर, बंदरातल्या बंदरात, सहज. पण काशाचा खडक येतो तिथे मुंबईचा आडोसा संपतो आणि नैऋत्येची लाट सरळ अंगावर येते. त्या दिवशी तेच झालं, पाणी आत आलं, माणसं घाबरून एका बाजूला धावली, आणि उंच अरुंद बोट त्या बाजूला गेली ती गेलीच. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला कळलं ते पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडून, तासनतास उशिरा. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून काढले तेवढे वाचले. मला राग येतो तो लाटेचा नाही. वीजळी झाली होती, जयंती-तुकाराम झाल्या होत्या, तरी "हे काय, समोर तर आहे" म्हणून जुलैत भरलेली बोट सोडलीच.

त्यानंतरचं भराभर सांगतो. १ जून १९४८ ला एसटी सुरू झाली, रस्ते हळूहळू सुधारले, बोटीचं गिऱ्हाईक घटत गेलं. गोवा मुक्त झाल्यावर चौगुल्यांच्या कोकण सेवक, कोकण शक्ती या बोटी पणजीपर्यंत जायच्या, मग मोगल लाइन या कंपनीकडे काम गेलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तीही सेवा संपली. वाफेचं राज्य त्याच्या आधीच गेलं होतं, डिझेल आलं तेव्हा आगवाले घरी गेले, त्यांची कुठे नोंद नाही.

रेवसची लाँच भाऊच्या धक्क्यावरून अजून सुटते, पहाटे मासळीच्या लिलावाच्या कलकलाटात. मांडव्याला २०२० पासून रो-रो पण आहे, गाड्यांसकट, एसीत बसून तासाभरात पलीकडे. मागच्या महिन्यात तिकडून आलो तर सोबतची आत्या सबंध वेळ खिडकीपाशी उभी, काशाचा खडक कुठला ते विचारत होती. तिकीटवाल्या पोराला पण माहीत नव्हता. शेवटी मागे बसलेल्या एका रेवसच्या म्हाताऱ्या कोळ्याने हात करून दाखवला, "तो काय, ता पांढरा पानी फुटताय ना, थयच." आत्याने हात जोडले आणि मग खाली बसली.