कोंबडी तोंड बघून ओळखते, वासावरून नाही

आमच्या वाळवा-तासगाव भागात कुणी नवीन पिल्लं आणली की एक सल्ला हमखास मिळतो. दिवसा सोडू नका, रात्री अंधार पडला की गुपचूप खुराड्यात ठेवा, सगळ्यांच्या अंगाला जरा राख नाहीतर हळद चोळा, वास एक झाला की सकाळी जुन्या कोंबड्यांना वाटतं ही आपलीच. परवा गल्लीत एकांनी अगदी असंच केलं, महिन्याभराची वनराज जातीची पिल्लं होती, सकाळी दार उघडलं तर दोन मेलेली, एकाच्या डोक्याची कातडी मानेपर्यंत सोललेली आणि बाकीची कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. आणि घरात निष्कर्ष काय तर नजर लागली, खुराड्याला लिंबू-मिरची बांधा. नजर-बिजर काही नसतं, पिल्लं मेली ती टोचून, आणि का टोचलं ते विज्ञानाला चांगलं माहिती आहे.

कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून रात्री ती शेजारी कोण बसलंय याची दखलच घेत नाही. तांबडं फुटलं की दिसायला लागतं आणि मग खरा कार्यक्रम सुरू होतो. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोळ्यांनी, त्यातही डोकं, तुरा आणि मान बघून. प्रयोगात कळपातल्याच कोंबडीचा तुरा वेगळा दिसेल असं केलं किंवा मानेची पिसं रंगवली की तिच्या रोजच्या सोबतिणी तिच्यावर परकी समजून धावून गेल्या. म्हणजे हळद लावून तुम्ही ओळख वाढवत नाही, उलट पिल्लू आणखी वेगळं दिसायला लागतं.

ओळख एवढी महत्त्वाची का, तर कळपात प्रत्येकीचा मान, म्हणजे कोण वर कोण खाली हे ठरलेलं असतं. थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं लहानपणापासून कोंबड्या बघत कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२२ साली ते छापलं. कोण कुणाच्या वर हे प्रत्येक जोडीपुरतं ठरतं, एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही, खालचीनं नुसती मान खाली घालून बाजूला व्हायचं. आता हिशोब करा. १० कोंबड्या असतील तर जोड्या ४५. त्यात ५ नवीन आल्या की १५ कोंबड्यांच्या जोड्या होतात १०५, म्हणजे ६० नाती नव्यानं ठरायची. पाचही एकत्र वाढलेल्या असतील तर त्यांच्यातली १० ठरत आलेली असतात, तरी ५० उरतातच, आणि ही ५० एका सकाळी ठरवायला लावली तर रक्त निघणारच. म्हणून एकटं पिल्लू कधी सोडू नये, सगळ्या कळपाचा मारा त्या एकावरच येतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि डाव्या डोळ्याची माहिती जवळजवळ पूर्णपणे मेंदूच्या उजव्या भागात जाते, उजव्या डोळ्याची डाव्या भागात. पिल्लांचा एक डोळा झाकून प्रयोग केले तेव्हा दिसलं की सोबती कोण आणि परका कोण हा फरक डाव्या डोळ्यानं बघणारी पिल्लं नीट करतात, उजव्यानं बघणारी नाही. उजवा डोळा दाणा आणि खडा वेगळा करण्यात तरबेज. ही वाटणी पक्की व्हायला अंड्यातच सुरुवात होते. शेवटच्या दिवसांत पिल्लू आत असं वळून बसतं की डावा डोळा अंगाखाली झाकला जातो आणि उजवा कवचाकडं राहतो, कवचातून झिरपणारा उजेड त्या एकाच डोळ्याला मिळतो, त्यानं मेंदूच्या दोन बाजूंतले धागे वेगवेगळे जुळतात. कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसून मधेमधे उठते तेवढ्यानंसुद्धा हा उजेड मिळतो. एवढ्याशा अंड्यात हे चाललेलं असतं, मला याचं अजून नवल वाटतं.

आणि अंतर. ऑक्सफर्डच्या मेरियन डॉकिन्स यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की कोंबडी दुसरीला ओळखते ती अगदी जवळून, साधारण वीतभर अंतरावरून. लांबून तिला कोंबडी दिसते, पण कोणती ते कळत नाही. त्यामुळं पिल्लांचं डालगं परड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवून "दोन आठवडे दाखवली की, आता ओळख झाली" म्हणण्याला अर्थ नाही. खुराड्यातच अर्ध्या इंचाच्या वेल्डमेश जाळीनं एक कोपरा वेगळा करा, दोन्हीकडच्यांनी जाळीला चोच लावून एकमेकांकडं बघितलं पाहिजे, खाद्याची भांडी जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवली की त्या आपोआप जवळ येतात. सुरुवातीला जुन्या कोंबड्या जाळीवर चोची मारतील, काही दिवसांनी लक्ष देणं सोडतील, ती खूण. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची, तलंगा (तरुण कोंबड्या) दिसायला लागली की संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी मोकळ्या परड्यात एकत्र सोडायची, पळायला जागा हवी, पाण्याची भांडी दोन हवीत.

मग रात्री सोडायचा सल्ला आला कुठून? तो खोटा नाही, पण खुडूक कोंबडीसाठी आहे. खुडूक कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं असतं, एक-दोन दिवसांची पिल्लं अंधारात तिच्या पोटाखाली सरकवली तर बहुतेक वेळा ती घेते, आणि पिल्लंही त्या वयात जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्याला आई मानतात. पुढं कळपाशी ओळख तीच करून देते, कुणी टोचायला आलं की अंगावर जाते. बल्बखाली वाढलेल्या महिन्याच्या पिल्लाला यातलं काहीच मिळत नाही. कुणी पिल्लं विकताना "ही जात मारामारीच करत नाही" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका, २०१९ ला कडकनाथ कोंबड्यांच्या नावानं इस्लामपूर भागात शेतकऱ्यांची कशी फसवणूक झाली ते आपण बघितलंय.

एखादीच कोंबडी सारखी मागं लागत असेल तर तिलाच चार दिवस बाजूला काढा, परत आल्यावर तिचाही जोर कमी झालेला असतो. रक्त दिसलं तर त्या पिल्लाला लगेच वेगळं करून जखमेला जांभळं औषध लावा, कारण लाल दिसलं की बाकीच्या पण तिथंच टोचतात.

दोन गोष्टी आजाराच्या. मोठ्या कोंबड्या धडधाकट दिसत असल्या तरी त्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू पडत असतात, ओल्या तुसात ते एक-दोन दिवसांत लागण करण्याइतके तयार होतात, म्हणून पिल्लांच्या कोपऱ्यातलं तूस कोरडं ठेवायचंच. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आधी झालेली असू दे, कधी कोणती ते सरकारी दवाखान्यात विचारा. आणि अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साधारण ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लाला लागतं १ टक्क्याच्या आसपास, जास्तीचं त्याच्या मूत्रपिंडावर जातं. त्यामुळं एकत्र केल्यावर सगळ्यांनाच ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं) खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला अंड्यासाठी पाहिजे ती आपली आपण खाते.