वीज आणि गरम पाणी एकाच पॅनेलमधून हवंय? अनुदानाचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

हायब्रीड सोलर पॅनेल म्हणजे वरून वीज आणि पाठीमागच्या नळ्यांतून गरम पाणी. (बॅटरीवाल्या इन्व्हर्टरलाही बाजारात ‘हायब्रीड’ म्हणतात. ती वेगळी वस्तू, गल्लत करू नका.) पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. उन्हाळ्यात गच्चीवर ते ६० अंशांपुढे तापतं आणि दर अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. ती उष्णता पाण्याने काढून घेणं शहाणपणाचंच आहे. पण अनुदानाच्या नियमांत गरम पाण्याला जागा नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फक्त विजेच्या भागाला अनुदान देते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. टाकी, पंप, नळकाम यांना काही नाही. म्हणून कोटेशनमध्ये विजेचा भाग वेगळा लिहून घ्या. शिवाय पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच धरतात. तीन किलोवॅटच्या पॅनेलला दोनचा इन्व्हर्टर लावला, तर ६०,०००च मिळतात.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती पॅनेलच्या जन्मगावावर. सेल (पॅनेलमध्ये वीज बनवणाऱ्या छोट्या चकत्या) आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. पॅनेल इथे जुळवलं पण सेल बाहेरचे, तर चालत नाही. पॅनेलचे सिरियल नंबर योजनेच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) भरावे लागतात, तिथे हे उघडं पडतं. विक्रेता ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या. विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच हवा.

दुसरी अडचण वीजबिलावरच्या नावाची. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं बिल अजून सासऱ्यांच्या नावावर येत होतं. ते जाऊन एकोणीस वर्षं झालेली. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, दिरांची संमती गोळा करता करता पावसाळा निघून गेला. बिल वेळेवर भरतंय तोवर कोणालाच नाव दिसत नाही आणि अर्जाच्या दिवशी मात्र तेच पहिलं दिसतं, याचा खरंच राग येतो. म्हणून नावबदल आधी उरका, थकबाकी असेल तर तीही भरा.

बाकी अटी सरळ आहेत: घरगुती जोडणी, हक्काचं छप्पर, आणि सोलरचं अनुदान आधी घेतलेलं नसणं. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंत वीज कंपनीच्या वेगळ्या तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही.

पैसे मात्र शेवटी येतात. पॅनेल बसलं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागला, तपासणी झाली, मगच बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक द्यायचा. तोवर विक्रेत्याची पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. अनुदान हातात आल्यासारखं धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका.