उपग्रहाला शेत दिसतं, पण सगळं नाही

गावच्या ग्रुपवर वरचेवर फिरणारा एक फॉरवर्ड : ‘आता उपग्रहावरून कोणाच्या वावरात काय पेरलं, किती पिकलं, किती कमाई झाली, सारं दिसतं, अभ्यासकाला गावात यायची गरजच नाही.’

यात थोडं खरं आहेच, म्हणून पटतं. सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर 5 दिवसांनी नवं. जिल्हाभरातला पेरा कसा बदलला हे शोधायला पूर्वी कागदी नोंदी चाळाव्या लागत. आता ते संगणकावर जमतं.

पण त्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे बाजू सुमारे 33 फुटांची. एकरात असे जेमतेम 40 चौकोन. आपल्याकडे कपाशीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचं एक तास असतं. चार फुटांवर तास धरलं, तर आठ तासं एकाच चौकोनात येतात आणि कपाशी, तूर, धुऱ्यावरचं गवत मिळून एकच रंग उरतो. त्यात पावसाळा! ढगांमागचं या कॅमेऱ्याला दिसत नाही. रडारवाले उपग्रह ढगांतून पाहतात, पण तेही चौकोनच.

पडताळायचं असेल तर आपल्याच वावराचं जुलैचं आणि नोव्हेंबरचं चित्र उघडून पाहा. तुरीचं तास सापडतं का?

आणि कमाई? व्यापारी गावात येऊन करतात त्या खेडा खरेदीत कापूस काय भावानं गेला, मजुरी किती पडली, हे आकाशातून कसं कळणार? ते विचारायला ओसरीवर येऊन बसावंच लागतं. पेऱ्याची सरकारी नोंद मोबाइलवरून करायच्या ई-पीक पाहणीतही फोटो शेतात उभं राहूनच काढतात की.