कोम्- (लॅटिन उपसर्ग)

कोम्- : लॅटिन भाषेतील अत्यंत फलद्रूप उपसर्ग. 'सह, बरोबर' या अर्थाच्या 'कुम्' या अव्ययाचे जुने रूप 'कोम्' होते. अव्यय बदलले, उपसर्गात मात्र जुना उच्चार राहिला. 'एकत्र' आणि 'पूर्णपणे' हे त्याचे दोन मुख्य अर्थ. पहिल्यातून दुसरा कसा निघाला, हे पाहिले की त्याचे शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

रूपे. प, ब, म यांपूर्वी कोम्- राहतो (कोम्पोनो, 'एकत्र ठेवतो'). ल आणि र यांपूर्वी तो त्या व्यंजनात मिसळतो: कोल्लिगो ('गोळा करतो'), कोर्रिगो ('सरळ करतो, सुधारतो'). स्वर, ह आणि ग्न यांपूर्वी बहुधा को- उरतो, इतरत्र कोन्- होतो. संचय, संताप, संबंध या शब्दांत 'सम्'चा उच्चार कसा बदलतो ते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये.

स आणि फ यांपूर्वी 'कोन्'मधील स्वर दीर्घ होतो. रोमन वक्ता सिसरो याने इ. स. पू. 46 मधील आपल्या 'ओरातोर' या ग्रंथात याची नोंद केली आहे: 'कोम्पोसुइत'मध्ये ऱ्हस्व, 'कोन्फेकित'मध्ये दीर्घ. हा नियम तर्काचा नसून कानाला गोड लागण्याचा आहे, असे तो म्हणतो. स-पूर्वीचा न् तर बोलण्यात जवळजवळ नाहीसा झाला होता. इ. स. पू. 259 मध्ये कॉन्सल (रोममधील सर्वोच्च निर्वाचित अधिकारी) असलेल्या लूकिउस कोर्नेलिउस स्किपिओच्या स्मृतिलेखात 'कोसोल' असे लिहिलेले आहे, आणि कॉन्सल या पदाचा रूढ संक्षेपही न् वगळूनच लिहिला जाई.

उपसर्ग लागल्यावर धातूचा स्वरही क्षीण होतो. फाकिओ ('करतो') – कोन्फिकिओ. क्लाउदो ('बंद करतो') – कोन्क्लूदो. रेगो – कोर्रिगो. प्राचीन काळी लॅटिन शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात असे, त्यामुळे आतले स्वर दबले. म्हणूनच अनेक शब्दांत मूळ धातू चटकन ओळखू येत नाही. 'कोगो' ('गोळा करतो, भाग पाडतो') हा को- आणि आगो ('हाकतो') यांचे आखडून झालेले रूप आहे. 'विचार करणे' या अर्थाच्या 'कोगितारे'चा संबंध रोमन विद्वान वार्रो याने याच 'कोगो'शी जोडला: मन अनेक गोष्टी एके ठिकाणी आणते आणि त्यांतून निवड करते.

'एकत्र' हा अर्थ. कोन्वेनिओ ('एकत्र येतो'), कोन्युंगो ('जोडतो'), कोन्युक्स ('जोडीदार, पती किंवा पत्नी'), कोल्लेगा ('बरोबरीने नेमलेला अधिकारी') ही ठळक उदाहरणे. रोमन सार्वजनिक जीवनात या उपसर्गाला किती वजन होते, ते 'कोम्मिलितो' या शब्दावरून दिसते. 'मिलेस' म्हणजे सैनिक, 'कोम्मिलितो' म्हणजे सोबतचा सैनिक. सभेपुढे बोलताना ज्यूलियस सीझर आपल्या माणसांना 'कोम्मिलितोनेस' म्हणत असे; यादवी युद्धांनंतर ऑगस्टसने हा शब्द कटाक्षाने टाळला आणि नुसते 'मिलितेस' म्हटले, असे रोमन चरित्रकार सुएतोनिउस सांगतो. सेनापतीने सैनिकांशी किती बरोबरी ठेवावी, याचे उत्तर दोघांनी एका उपसर्गातून दिले.

'पूर्णपणे' हा अर्थ. सारे भाग एकत्र आले की काम तडीस जाते. त्यातून समाप्तीचा अर्थ आला असावा. सेक्वोर म्हणजे 'मागे जातो', पण कोन्सेक्वोर म्हणजे 'गाठतो'. फुगिओ 'पळतो', कोन्फुगिओ 'पळून आश्रयाला पोहोचतो'. एदो 'खातो', कोमेदो 'खाऊन संपवतो'. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधील 'कोमेर' हे साधे क्रियापद त्यातूनच आले, म्हणजे जोर ओसरला आणि उपसर्ग तेवढा उरला.

संस्कृतशी तुलना. कोम्- आणि सम्- यांचे मूळ एक नाही, पण वाट एकच आहे. 'संगम'मध्ये सम् एकत्र आणतो, 'समाप्त'मध्ये पूर्ण करतो. शिवाय ज्या धातूंना हे उपसर्ग लागतात त्यांतील काही खरोखरच सगोत्र आहेत. 'वेनिओ' आणि 'गम्' एकाच आद्य धातूपासून आले, म्हणून कोन्वेनिओ आणि संगम यांची घडण समांतर आहे. युंगो–युज्, ग्नोस्को–ज्ञा या जोड्याही तशाच. त्यामुळे कोन्युंक्तिओ–संयोग आणि कोग्नोस्को–संज्ञा शेजारी ठेवून पाहता येतात. लॅटिन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला याहून चांगला आधार नाही.

मराठीत. इंग्रजीमार्फत आलेल्या कमिटी, कॉलेज, काँग्रेस, कलेक्टर या शब्दांत हाच उपसर्ग आहे. कंपनीच्या मुळाशी 'बरोबर' आणि 'पाव' (पानिस) आहेत. कंडक्टर हा लॅटिनमध्ये भाड्याने किंवा मक्त्याने घेणारा होता. गोव्यातील गावकरी संस्थांना पोर्तुगीजांनी दिलेले 'कोमुनिदाद' हे नाव 'कोम्मूनिस'वरून येते. त्यातील 'मूनुस' म्हणजे कर्तव्य, आणि सामाईक जमीन सांभाळणाऱ्या त्या संस्थांना ते नेमके लागू पडते. कॉलनी ('कोलो', कसतो) आणि कॉलर ('कोल्लुम', मान) यांच्या आरंभी मात्र हा उपसर्ग नाही.