जुन्या चाकूचे वय गंजावरून ठरत नाही

कणकवलीच्या आठवडा बाजारात जुने सामान मांडून बसलेल्या एका मावशींकडे, पितळी नळ आणि मोडक्या कंदिलांच्या ढिगात, मला एक घडीचा चाकू मिळाला. पाते तपकिरी गंजाने माखलेले होते. मुठीची एक बाजू काळ्या शिंगाची, तर दुसरी साध्या लाकडाची होती. "शंभर वर्साचो आसतलो, गंज बघा केदो तो," मावशी म्हणाल्या. चाकू शंभर वर्षांचा असू शकतो, पण गंज हा त्याचा पुरावा नव्हे, आणि समुद्राकाठी तर मुळीच नव्हे.

पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, कारण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेते आणि त्यातच विरघळते. किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांमधून मिठाचे सूक्ष्म कण सतत हवेत येत असतात आणि ते पात्यावर बसले की तिथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. असे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने चालते, शिवाय त्यातले क्लोराइड पृष्ठभागावरचे संरक्षक कवच फोडून धातूत खोल खड्डे पाडते. त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या माळ्यावर कित्येक दशके शाबूत राहिलेले पाते मालवणात काही पावसाळ्यांतच ओळखू येईनासे होते. गंज पाते कुठे राहिले ते सांगतो, किती वर्षे राहिले ते नाही.

म्हणून वय शोधायचे ते पात्यावरच्या अक्षरांत, आणि ही अक्षरे घालवण्याचे काम आपणच मोठ्या उत्साहाने करतो. घरी आणलेला जुना चाकू पॉलिश पेपरने घासणे किंवा पितळेप्रमाणे चिंचेने उजळवणे ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी हानी होय. मुठीलगतच्या जाड भागावरचा ठसा जेमतेम केसाइतका खोल असतो आणि गंजाबरोबर तोही निघून जातो. मी पाते दोन दिवस पातळ तेलात ठेवले, मऊ झालेला थर बांबूच्या काडीने हलकेच सोडवला आणि अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत अगदी तिरका पाडला. तिरक्या प्रकाशात प्रत्येक खाचेची सावली पडते. आधी एक तारा आणि माल्टी क्रूस (टोकांकडे रुंदावत जाणाऱ्या चार भुजांचा क्रूस) दिसला, मग इंग्रजी जी आणि आर या अक्षरांमध्ये मुकुट, त्याखाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव आणि शेवटी शेफिल्ड, इंग्लंड.

शेफिल्डच्या या कारखान्याचे ताऱ्याचे चिन्ह फार जुने आहे, म्हणून केवळ त्यावरून काळ ठरत नाही. मुकुटाभोवतीची अक्षरे मात्र राजाची असतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ पर्यंत, तिथे व्ही आर असे. माझ्या पात्यावरचा जी म्हणजे जॉर्ज, पण जॉर्ज नावाचे राजे त्याआधीही होते आणि १९१० नंतरही झाले. हा पेच 'इंग्लंड' या शब्दाने सुटतो. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा अमेरिकेचा कायदा १८९० मध्ये झाला आणि तिकडे माल पाठवणारे कारखानदार पात्यांवर देशाचे नाव ठोकू लागले. त्यामुळे माझे पाते १९१० च्या आधीचे असू शकत नाही. या नावाच्या नकलाही पुष्कळ झाल्या. कोणी Rodgers मधले डी हे अक्षर गाळून Rogers लिहीत, म्हणून मी स्पेलिंग भिंगाखाली अक्षर अक्षर तपासले.

पोलादाचीही साक्ष घेता येते. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफिल्डमध्येच सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद बनवले, तेव्हा तसे पाते निघाले तर ते त्यानंतरचेच. ही परीक्षा चुंबकाने होत नाही, कारण जेवणाच्या स्टीलच्या ताटाला चुंबक सहसा चिकटत नसला तरी स्टेनलेसच्या पात्याला तो चिकटतो. ठशापासून दूर कैरीच्या रसाचा थेंब ठेवावा. साधे पोलाद थोड्याच वेळात काळवंडते. माझे पाते काळवंडले. मात्र साधे पोलाद पुढेही वापरात राहिले, त्यामुळे यावरून अलीकडची सीमा मिळत नाही. जुन्या वस्तूंतल्या कार्बनवरून वय काढणारी कार्बन-१४ ची कसोटीही येथे निरुपयोगी आहे, कारण दगडी कोळशावर तयार झालेल्या लोखंडातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असतो.

राहिली मूठ. शिंगाच्या बाजूचे रिव्हेट पात्याइतकेच झिजलेले आहेत. दुसऱ्या बाजूचे लाकूड कडेला थोडे खरवडल्यावर आतून पिवळेधमक निघाले, म्हणजे ते फणसाचे, आणि ते पितळी तारेचे तुकडे ठोकून बसवलेले आहे. मूळची शिंगाची पट्टी फुटल्यावर इथल्याच कोणीतरी हाताशी असलेल्या लाकडातून नवी घडवली. माझ्या नोंदवहीत त्यामुळे एकाच चाकूसाठी दोन ओळी आहेत: पाते शेफिल्डचे, १९१० नंतरचे, मुठीची लाकडी बाजू कोकणातली, त्याहून नंतरची.