दम कुठे जातो? फुटबॉलमधल्या बदली खेळाडूंची पार्श्वभूमी

फुटबॉलमध्ये बदली खेळाडू आला तो जायबंदी खेळाडूंसाठी. दमलेल्यांचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. १९५६ च्या एफए कप या इंग्लिश स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान शेवटची १७ मिनिटे मोडलेल्या मानेने खेळला, कारण त्याच्या जागी कुणाला उतरवायची सोयच नव्हती. इंग्लिश लीगने १९६५-६६ च्या हंगामात एक बदली मान्य केली, तीही दुखापत असेल तरच. पण दुखापत खरी की सोंग, हे पंचाने ठरवायचे कसे? दोन हंगामांनी ती अट गेली. विश्वचषकात दोन बदल्या १९७० पासून आल्या.

थकव्याची मोजदाद याच सुमारास सुरू झाली. स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सॉल्टिन यांनी १९७३ मध्ये मांडलेले आकडे आजही डोळ्यांत अंजन घालतात. आदल्या दिवशी जोरदार सराव केलेल्यांच्या मांड्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले साखररूपी इंधन, आधीच कमी होते. ते एकूण ९.७ किमी धावले आणि त्यातले निम्मे अंतर चालत कापले. हलका सराव केलेले १२ किमी धावले. त्यांचे चालणे २७ टक्क्यांवरच राहिले. फरक मुख्यतः उत्तरार्धातला: पहिला गट ५.६ वरून ४.१ किमीवर घसरला, दुसरा ६.१ वरून जेमतेम ५.९ वर आला. म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडूंना पिळून काढणारा प्रशिक्षक दुसरा हाफ आधीच घालवून बसतो.

दम एकसारखा ओसरत नाही. मोर, क्रुस्ट्रुप आणि बांग्सबो या संशोधकांना २००३ मध्ये आढळले की सर्वांत धावपळीच्या पाच मिनिटांनंतरच्या पाच मिनिटांत वेगवान धाव सरासरीपेक्षा १२ टक्क्यांनी घटते. प्रतिहल्ल्यानंतर परत येताना रेंगाळणारा विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा) आळशी असतोच असे नाही. त्याच अभ्यासात बदली खेळाडू शेवटच्या १५ मिनिटांत पूर्णवेळ खेळणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त अंतर वेगाने धावले. पाय ताजे असतात हे उघडच. शिवाय वीसच मिनिटे खेळायची हे ठाऊक असल्याने बदली खेळाडू हात राखून खेळत नाही. पूर्ण ९० मिनिटे खेळणारा नकळत राखतो.

मे २०२० मध्ये कोविडनंतरच्या गच्च वेळापत्रकासाठी पाच बदल्या तात्पुरत्या आल्या. २०२२ मध्ये त्या नियमात कायम झाल्या. पण खेळ थांबवून बदल करण्याच्या संधी तीनच. मध्यंतर त्यात धरत नाहीत, म्हणून दोन-दोन खेळाडू एकदम उतरवतात किंवा मध्यंतरालाच बदल उरकतात. एकेक करून तीन संधी संपल्या आणि ८० व्या मिनिटाला कुणाच्या पोटरीत गोळा आला, तर दोन बदल्या शिल्लक असूनही संघ दहांवर येतो.

मध्यंतराचीही एक गोम आहे. १५ मिनिटे नुसते बसल्याने स्नायूंचे तापमान सुमारे २ अंशांनी उतरते आणि स्प्रिंट मंदावते. सुमारे सात मिनिटे मध्यम वेगाने धावून अंग पुन्हा गरम केले तर ही घट टळते. तरी बहुतेक ड्रेसिंग रूममध्ये तो वेळ भाषणातच जातो.